मागची चाकं आधी

प्रिय सोनू,

तुझी यादी मिळाली. लोअरिंग स्प्रिंग, कडक शॉकअप, पुढे-मागे जाड अँटिरोल बार, पॉलियुरेथेनचे बुश, रुंद टायर, आणि खाली प्रश्न, "आत्या, यातलं आधी काय करू?" चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या एखाद्या फोक्सवॅगन पोलोसाठी ही यादी बरी आहे. पण तुझ्या दारात उभी आहे १९६५ची स्टँडर्ड हेराल्ड. या क्रमाने कामं केलीस तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पहिल्याच सकाळी ती गर्रकन फिरून, आलीस त्या दिशेला तोंड करून उभी राहील.

उत्तर चारचौघांत देतेय, कारण हीच यादी हातात घेऊन फिरणारे तुझ्या वयाचे बरेच जण पुण्यात मला भेटतात. कुणाची फियाट, कुणाची हेराल्ड, कुणाची आजोबांकडून आलेली एमजी. गाडी वेगळी असते, यादी तीच. सगळ्यांची सुरुवात गाडी खाली बसवण्यापासून आणि शेवट "आता कशी एकदम घट्ट झालीय" या वाक्यावर. मला त्या 'घट्ट' शब्दाचीच धास्ती वाटते.

आधी दादाचं एक म्हणणं खोडून काढते. तुझे बाबा म्हणतात, हेराल्ड ही डॉक्टरांची आणि प्राध्यापकांची गाडी, तिला स्पोर्ट्स कार कोण म्हणतं? त्याला सांग, की १९५९ साली ब्रिटनमध्ये ट्रायम्फने हेराल्ड आणली, तिचा घाट इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने काढला, आणि तीन वर्षांनी तिचीच चासी आखूड करून, तिचंच सस्पेन्शन वापरून ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. १९६५ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत स्पिटफायर आपल्या गटात पहिली आली. हेराल्डच्या पुढच्या चाकाचे उभे दांडे लोटसपासून कितीतरी छोट्या ब्रिटिश शर्यतगाड्यांनी उचलले, कारण ते हलके, स्वस्त आणि कुठेही मिळणारे होते. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ही गाडी १९६१पासून बनवली. तेव्हा वरून प्राध्यापक, खालून स्पोर्ट्स कार. दादाला दोन्ही मान्य करावं लागेल.

आणि काम करायला इतकी सोयीची गाडी दुसरी नाही. वेगळी चासी, बोल्टने जोडलेली बॉडी, आणि पुढची अख्खी नाकाडी वर उचलली की इंजिन, विशबोन, स्प्रिंग सगळं समोर. पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. आजच्या गाड्यांचं बॉनेट उघडल्यावर काळं प्लास्टिक सोडून काही दिसत नाही, तिथे हेराल्ड म्हणजे शिकणाऱ्यासाठी उघडं पुस्तक आहे.

आता मागे ये.

हेराल्डच्या मागच्या बाजूला एक आडवा कमानपाटा आहे, या चाकापासून त्या चाकापर्यंत, मधोमध डिफरन्शियलच्या डोक्यावर घट्ट बसवलेला. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या हाफशाफ्टला आतल्या टोकाला एकेकच युनिव्हर्सल जॉइंट आहे. बाहेरच्या टोकाला चाक त्या शाफ्टशी काटकोनात पक्कं बांधलेलं. म्हणजे चाक वर-खाली होताना त्या आतल्या जॉइंटभोवती कंसात फिरतं आणि फिरताना कलतं. गाडीची मागची बाजू खाली बसली की चाकाचा माथा आत झुकतो. मागची बाजू वर उठली की माथा बाहेर कलतो आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. याला स्विंग ॲक्सल म्हणतात. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये हेच होतं, जुन्या मर्सिडीजमध्येही होतं. अमेरिकेत शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरमध्ये हेच होतं, आणि १९६५ साली राल्फ नेडरने मोटारींच्या सुरक्षिततेवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्याच्या पहिल्याच प्रकरणात तिची चिरफाड केली.

वळणावर काय होतं ते नीट बघ, कारण सगळं इथेच आहे. बाहेरच्या मागच्या चाकावर रस्ता आतल्या दिशेने जोर लावतो. हा जोर लागतो जमिनीच्या पातळीवर. शाफ्टचा जॉइंट असतो त्याच्या बराच वर. त्यामुळे तो जोर गाडीला नुसता आत ढकलत नाही, शाफ्टच्या तिरप्या रेषेतून मागची बाजू वरही उचलतो. मागची बाजू उचलली की चाक आणखी कलतं, चाक कललं की ती आणखी उचलली जाते. त्यात तू घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलास तर वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होऊन अजून वर येते, आणि बाहेरचं चाक गाडीच्या पोटाखाली दुमडल्यासारखं होतं. नवशिक्याचा पाय नेमका वळणाच्या मध्यावरच निघतो. म्हणून या गाडीने फिरकी घेतलेल्यांचा अनुभव सारखाच असतो: "सगळं ठीक चाललं होतं आणि अचानक…"

भारतात या ॲक्सलची आणखी एक गंमत झाली. आपल्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकांना तो कधी रुचलाच नाही. १९७२मध्ये स्टँडर्डने हेराल्डवरूनच गझेल काढली, तेव्हा मागचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून सरळ एकसंध ॲक्सल घातला. पुस्तकी हिशेबाने हे एक पाऊल मागे. पण माझं मत विचारशील तर ट्रॅकवर अननुभवी माणसाच्या हातात मी गझेलचा तो साधा ॲक्सल आधी देईन. तो निदान फसवत नाही.

आता तुझ्या यादीतला मागचा जाड अँटिरोल बार. तो घालूच नकोस. कारण सांगते, थोडा हिशेब सहन कर. हेराल्डचं वजन धर ८०० किलो, दोन चाकांमधलं अंतर १.२२ मीटर, गुरुत्वमध्याची उंची धर अर्धा मीटर. वळणावर गुरुत्वाच्या ०.७ पट इतका आडवा जोर लागला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन होतं ८०० गुणिले ०.७ गुणिले ०.५ भागिले १.२२, म्हणजे सुमारे २३० किलो. या हिशेबात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही. स्प्रिंग मऊ असो की दगडासारखी, २३० किलो जाणारच. गाडी कमी झुकली म्हणजे कमी वजन सरकलं, हा डोळ्यांचा भ्रम आहे. स्प्रिंग आणि बार एवढंच ठरवतात, की त्या २३० किलोंपैकी किती पुढच्या जोडीने उचलायचं आणि किती मागच्या जोडीने.

आणि टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं म्हणून तो दुप्पट पकड देत नाही, थोडी कमीच देतो. त्यामुळे ज्या जोडीवर जास्त वजन इकडून तिकडे जातं, ती जोडी एकूण पकड गमावते. हेराल्डची मागची जोडी आधीच अडचणीत आहे. तिथे जाड बार घालून तिलाच जास्त ओझं द्यायचं? उलट करायला हवं: पुढचा बार जाड, मागे बार नाहीच, आणि मागचा पाटा झुकण्याला जितका कमी विरोध करेल तितकं बरं. नाक थोडं बाहेर जाईल, स्टिअरिंग जास्त फिरवावं लागेल, वेळ काही दशांश सेकंदांनी वाढेल. वाढू दे.

ट्रायम्फच्या इंजिनिअरांनी शेवटी हेच केलं. १९७०च्या शेवटी आलेल्या स्पिटफायर मार्क फोरमध्ये त्यांनी पाट्यांच्या जुडग्यातला एकच पाटा डिफरन्शियलला पक्का बांधला आणि बाकीचे मधोमध तराजूच्या दांडीसारखे डुलते ठेवले. दोन्ही चाकं एकदम वर आली तर सगळे पाटे काम करतात. एक वर आणि एक खाली गेलं, तर डुलणारे पाटे नुसते डुलतात. झुकण्याला मागचा विरोध घटला, पुढे बार जाड केला, आणि गाडी माणसात आली. त्याला 'स्विंग स्प्रिंग' म्हणतात. जोडणीचा डबा आणि जाड पुढचा बार सोबत घेतला तर हेराल्डला तो बसवता येतो. तुझ्या पैशांतला मोठा वाटा जायचा असेल तर इथे जाऊ दे. ब्रिटनमधून मागवावा लागेल. कुरिअर आणि कस्टम धरून दादापासून बिल लपव.

"आत्या, असाच पाटा इथे बनवून घेऊ का?" असं तू विचारणार, मला माहीत आहे. भोसरीत लेथवर बुश काढून घे, कंस वेल्ड करून घे, स्पेसर मिलिंग करून घे. आपल्याकडच्या त्या छोट्या शेडमधले लोक कागदावरचं रेखाटन बघून जे करून देतात ते मी परदेशातल्या महागड्या वर्कशॉपमध्येही पाहिलेलं नाही. पाटा मात्र नको. पाट्याची जात लोखंडाच्या नावात नसते, त्याला पाणी कसं दिलं यात असते. सिलिकॉन-मँगनीजचं पोलाद तापवून तेलात विझवायचं, मग ठरलेल्या उष्णतेला परत शेकायचं. यात चूक झाली तर पाटा दिसायला झकास, आणि सहा महिन्यांनी बसतो किंवा एका खड्ड्यात तडकतो. ट्रकच्या पाट्यावर जाडीची खैरात असते, तिथे चूक पचते. तुझ्या पाट्यावर पचणार नाही.

पाटा येईपर्यंत काय करशील? पाटा आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये एक ठोकळा घाल. मागची बाजू थोडी खाली येईल आणि चाकांचे माथे आत झुकतील. तू गाडीत बसलेली असताना आणि टाकी अर्धी भरलेली असताना मागचा कँबर, म्हणजे चाकाचा कल, ऋण दीड ते दोन अंश यावा. लक्षात घे, यासाठी गाडी खाली आणतोय. फोटोत छान दिसावी म्हणून नाही. ठोकळ्याबरोबर लांब स्टड लागतील, तेच जुने स्टड चार आट्यांवर लटकवू नकोस. आणि चाक वर यायला जागा कमी उरते, तेव्हा रबरी बंपस्टॉप नवे घाल. त्याच वेळी चाक खाली किती लोंबू शकतं यावर मर्यादा घालणारे जाड कापडी पट्टे बसव. मागची बाजू उचललीच जाणार नसेल, तर चाक पोटाखाली जाणार कसं? हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि कुणाच्याच यादीत नसतो.

मग शॉकअप. इथे दुकानदार तुला 'कडक' आणि 'मऊ' असे दोनच प्रकार सांगेल. शॉकअप दोन दिशांना काम करतो: स्प्रिंग दबताना आणि स्प्रिंग उलगडताना. तुझ्या मागच्या चाकांना उलगडताना भरपूर विरोध हवा, म्हणजे पाय काढल्याबरोबर मागची बाजू झटकन वर येणार नाही. दबताना मात्र तो बेताचा हवा. दोन्हींकडे सरसकट आवळलेला शॉकअप ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर चाक हवेत उडवतो, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते हे सांगायला आत्या कशाला हवी. गॅब्रिएलसारख्या कंपन्यांचे शॉकअपचे कारखाने आपल्या शेजारीच चाकणला आहेत. या कामात मुरलेले, निवृत्त झालेले पुष्कळ लोक आजूबाजूला आहेत. कुणाकडून तरी शॉकअप चाचणीयंत्रावर चढवून त्याचा आलेख काढून घे. दोन नवे शॉकअप एकाच खोक्यातून निघाले तरी आलेख सारखे येतीलच असं नाही, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलं की आता त्यावर विश्वास ठेवायचंच सोडलं.

स्प्रिंग पुढच्या, थोड्या कडक चालतील. किती ते अंदाजाने ठरवू नकोस. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर जितके सेंटिमीटर बसते, त्याच्या वर्गमुळाने पाचला भाग, सेकंदाला किती हेलकावे ते साधारण कळतं. पंधरा सेंटिमीटर बसली तर सुमारे १.३, घरच्या गाडीचा आकडा. सहा सेंटिमीटर बसली तर दोन, म्हणजे शर्यतीकडे झुकलेली. तू मध्ये कुठेतरी थांब, कारण गाडी शनिवारी ट्रॅकवर आणि उरलेल्या काळात कर्वेनगरच्या स्पीडब्रेकरांवर राहणार आहे. १९३०च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अमेरिकेत कॅडिलॅकसाठी एका गाडीवर वजनं पुढे-मागे सरकवत प्रयोग केले. त्यातून आलेला नियम आजही घरच्या गाड्यांना लागू आहे: पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवा, म्हणजे स्पीडब्रेकरनंतर गाडी डोलत राहत नाही. तू तो नियम ट्रॅकसाठी थोडा मोडते आहेस. मोड, पण मोडतेय हे माहीत असू दे. आणि कुणी ग्राइंडर घेऊन स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो म्हणाला, तर तिथून चालू लाग. आठ वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सातास आठ या प्रमाणात, म्हणजे चौदा टक्के कडक होते आणि दबायला जागा कमी होते. वर कापलेलं टोक बैठकीवर नीट बसतही नाही.

बुशबद्दल भांडण नको. पॉलियुरेथेन वाईट नाही, पण साठ वर्षांचं कुजलेलं रबर काढून नवं रबर घातलंस तरी सुधारणेचा मोठा भाग तिथेच मिळतो, आणि गाडी कुरकुरत नाही. स्टिअरिंग रॅकच्या रबरी बैठका मात्र ॲल्युमिनियमच्या कर; ते काम भोसरीत अर्ध्या दिवसाचं आहे. एक गोष्ट मेकॅनिकला बजावून सांग: विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं.

व्हील अलाइनमेंटच्या दुकानातल्या संगणकात हेराल्ड सापडणार नाही. नको शोधूस. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या बांध, पोलादी पट्टी घे, सपाट फरशी शोध. पुढचा कँबर खालच्या विशबोनच्या कंसामागच्या शिमनी, म्हणजे पातळ चकत्यांनी बदलतो, मागचा टो रेडियस आर्मच्या कंसाखालच्या शिमनी. मागची चाकं किंचित आत वळलेली ठेव, कधीही बाहेर नको. नाना पेठेत शिम मिळतील. त्यासाठी विलायतेला लिहायला नको.

टायरबाबत तू रुंद म्हणतेस. तेरा इंची साधे, नवे रेडियल घाल आणि हवा मोजायला स्वतःची मीटर घे. चिकट रुंद टायर स्विंग ॲक्सलला जास्त आडवा जोर देतात, म्हणजे उचल वाढवतात. शिवाय जुन्या हाफशाफ्टचा आणि बेअरिंगचा विचार कर. ते चाळीसेक हॉर्सपॉवर आणि त्या काळचे अरुंद टायर गृहीत धरून बनवलेत. ब्रेक चारही ड्रम आहेत, तेव्हा नवे लायनर, नवं ब्रेक ऑइल, आणि ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांनंतर एक थंड फेरी. हे तुझ्या यादीत नव्हतंच.

कायद्याचं थोडं. २०२१च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. नंबरात 'व्हीए' येतं, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसलेली मूळ रूपातली गाडीच त्यात बसते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तू ती नोंदणी घेणार की नेहमीचं नूतनीकरण करणार हे आधी ठरव. काहीही ठरवलंस तरी चासीला भोक पाडू नकोस, काही कापू नकोस. मी वर जे सांगितलं ते सगळं बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेव.

कोइम्बतूरला गाडी चालवत नेण्याचा विचार सोड. हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे, ट्रकवर घालून ने. त्याआधी कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीत जाऊन गो-कार्टमध्ये दोन दिवस घाल. कार्टला सस्पेन्शनच नसतं. तिथे वळणाच्या मध्यावर पाय स्थिर ठेवायला शिकलीस, की हेराल्डचं अर्धं काम तुझ्या घोट्यात झालेलं असेल. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, पण तिथली वेगाची वळणं पहिल्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्येच घे आणि ॲक्सिलरेटर हलका पण चालू ठेव. मागची बाजू बसलेली राहिली पाहिजे. स्टिअरिंगमध्ये काही विचित्र वाटलं तर ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, हे गाडी सुरू करण्याआधी मोठ्याने म्हण. शेजारचा हसला तरी चालेल.

दादाला नमस्कार. वहिनीला सांग, या महिन्यात तिच्या अंगणात ऑइलचे डाग पडणार आहेत आणि त्याला जबाबदार मी आहे.

तुझी,
आत्या

ता. क. पुढच्या चाकाच्या उभ्या दांड्याखाली पितळी ट्रुनियन आहेत, आट्यांवर फिरणारे. त्यांत ग्रीस भरू नकोस, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घाल. ग्रीस आत घट्ट बसतं, आटे कोरडे राहतात, पाणी शिरतं, आणि दांडा तुटून चाक निखळतं. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटसुलट आहेत, तेव्हा दोन्ही एकदम उघडू नकोस. हे काम ट्रकवर चढवण्याच्या आदल्या रात्री न करता या रविवारीच कर, आणि दांड्याच्या तळाशी गंजाचे खड्डे दिसले तर फोटो पाठव.